लेक डेव्हिस: एका लहान जलाशयातला पाईक मासा आणि दोनदा ओतलेले विष

कॅलिफोर्निया राज्याच्या ईशान्य भागात, सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ, प्लुमास काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लेक डेव्हिस नावाचा जलाशय आहे. बिग ग्रिझली क्रीक या ओढ्यावर १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रिझली व्हॅली धरणामुळे तो तयार झाला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,७६० मीटर आणि पाणी पूर्ण भरल्यावरचे क्षेत्रफळ सुमारे १,६०० हेक्टर आहे. त्याची क्षमता साडेतीन टीएमसीहून थोडी अधिक, म्हणजे खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या जवळपास दुप्पट आहे. हिवाळ्यात जलाशयावर बर्फ गोठते, आणि वसंतात ते वितळले की भोवतालच्या कुरणांतले ओढे भरून वाहू लागतात. खाली काही किलोमीटरवर पोर्टोला हे जेमतेम दोन हजार वस्तीचे, रेल्वेमुळे वसलेले गाव आहे. १९९७ पर्यंत या गावाला पिण्याचे पाणी याच जलाशयातून मिळत असे आणि गावातल्या हॉटेलांना, दुकानांना व नावा भाड्याने देणाऱ्यांना येथे ट्राउट पकडायला येणाऱ्या हौशी मासेमारांचा आधार होता.

या जलाशयात ऑगस्ट १९९४ मध्ये नॉर्दर्न पाईक हा मासा सापडला. त्यानंतर तेरा वर्षे राज्य सरकार, हे गाव आणि हा मासा यांच्यात जे घडले ते मत्स्यव्यवस्थापनाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा तपासले जाते, कारण येथे एकाच जलाशयात, एकाच माशाविरुद्ध, एकाच मुख्य घटकाचे विष दोनदा वापरले गेले आणि दोन्ही वेळचे निकाल पूर्णपणे वेगळे लागले. या प्रकरणाची मांडणी बहुधा 'पहिला प्रयत्न फसला, दुसरा यशस्वी झाला' अशी केली जाते. माझ्या मते त्यातला सर्वांत बोलका भाग या दोन प्रयत्नांच्या मधल्या सात वर्षांचा आहे, जेव्हा जाळी लावून हजारो मासे काढले गेले आणि तरीही मासे वाढतच राहिले.

पाईक हा उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांतला शिकारी मासा आहे. युरोप, सायबेरिया, अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेचा ईशान्य व मध्य भाग हे त्याचे मूळ क्षेत्र असून रॉकी पर्वताच्या पश्चिमेला, अलास्का वगळता, तो निसर्गतः नव्हता. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि मागच्या बाजूला सरकलेले पर अशा बांध्यामुळे तो पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि जवळ आलेल्या माशावर एका झेपेत तुटून पडतो. स्वतःच्या लांबीच्या तृतीयांश ते निम्म्या लांबीचा मासा तो सहज गिळतो, आणि दुसरे भक्ष्य कमी पडले तर स्वतःच्याच जातीची पिल्लेही खातो. ही शेवटची सवय पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

त्याच्या विणीची गरज साधी आहे. बर्फ वितळताच तो उथळ पाण्यात शिरतो आणि पाण्याखाली गेलेल्या गवतावर अंडी टाकतो. अंडी चिकट असल्यामुळे गवताला धरून राहतात आणि मादी किंवा नर त्यांची राखण करत नाहीत. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण वीस ते तीस हजार अंडी असतात. लेक डेव्हिसची सरासरी खोली सहा मीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या पश्चिम व उत्तर काठांवर मोस्किटो स्लूसारख्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या खाचखळग्यांची रांग आहे. धरण बांधताना जी विस्तीर्ण कुरणे पाण्याखाली गेली, त्यांच्या कडा पाण्याची पातळी वाढली की दर वसंतात पुन्हा बुडतात. जलाशय ज्या वर्षी चांगला भरेल त्या वर्षी पाईकसाठी विणीची जागा आपोआप वाढणार, अशी ही रचना होती.

पाईक तेथे आपणहून आलेला नव्हता. कोणीतरी तो बेकायदा आणून सोडला होता, आणि तो कोणी सोडला याचा छडा कधीच लागला नाही. जवळच्याच फ्रेंचमन लेक या जलाशयात १९८८ मध्ये हा मासा सापडला होता. १९९१ मध्ये राज्याच्या फिश अँड गेम खात्याने तेथे रोटेनोन हे विष टाकून तो संपवला. त्या यशामुळे खात्याचा आत्मविश्वास वाढलेला होता.

लेक डेव्हिसमध्ये नेमके काय धोक्यात होते, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण स्थानिक लोक आणि राज्य यांच्यातील संघर्षाचे मूळ त्यातच आहे. या जलाशयातले ट्राउट मासे मुख्यतः मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले असत. खुद्द जलाशय मानवनिर्मित, त्यातले मासे मानवाने सोडलेले. त्यामुळे काठावरून पाहणाऱ्याला तेथे वाचवण्यासारखे नैसर्गिक असे फारसे नव्हते. ट्राउट पाईकच्या तोंडी गेले तर पोर्टोलाचे पर्यटन बुडेल, एवढाच तेथला प्रश्न होता. राज्याला मात्र जलाशयापेक्षा सांडव्याची भीती होती. सांडव्यावरून पाणी वाहिले तर पाईक बिग ग्रिझली क्रीकमधून फेदर नदीच्या मधल्या शाखेत, तेथून लेक ओरोव्हिलमध्ये, पुढे सॅक्रामेंटो नदीत आणि अखेर सॅक्रामेंटो–सान वाकीन त्रिभुज प्रदेशात पोहोचू शकला असता. तो त्रिभुज प्रदेश उथळ, पाणवनस्पतींनी भरलेला आणि पाईकला हवा तसा आहे. डेल्टा स्मेल्ट हा छोटा मासा १९९३ मध्ये 'धोक्यात आलेला' म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आला होता आणि सॅक्रामेंटोतला हिवाळी चिनूक सामन १९९४ मध्ये 'संकटग्रस्त' या अधिक कडक संरक्षणाच्या वर्गात गेला होता. त्या पाण्यात पाईक शिरला असता तर त्याला परत काढणे कोणालाही शक्य झाले नसते. थोडक्यात, लाभ खालच्या खोऱ्याचा आणि किंमत वरच्या गावाची, असा हा व्यवहार होता, आणि गावाला तो तसाच दिसत होता.

रोटेनोन हे काही शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे द्रव्य आहे. दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियातले लोक अशी मुळे ठेचून ओढ्यात टाकत आणि गुंगलेले मासे गोळा करत. आपल्याकडेही कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी गेळ्याची फळे वापरून डोहातले मासे मारण्याची पद्धत होती, जरी गेळ्यातले द्रव्य वेगळे असले तरी. रोटेनोन कल्ल्यांवाटे थेट रक्तात शिरते आणि पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होण्याची साखळी अगदी सुरुवातीलाच तोडते. सस्तन प्राण्यांच्या पोटात ते गेले तर बरेचसे तेथेच मोडते, म्हणून माशांना मारणारी मात्रा माणसाला तितकी घातक नसते. सूर्यप्रकाश आणि उबदार पाण्यात त्याचे विघटन लवकर होते. थंड पाण्यात मात्र वेळ लागतो.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी खात्याने जलाशयातला साठा कमी करून त्यात भुकटी आणि द्रव अशा दोन्ही रूपांत रोटेनोन टाकले. द्रव औषधात रोटेनोनचा परिणाम वाढवणारे पायपेरोनिल ब्युटॉक्साइड होते आणि विद्रावक म्हणून वापरलेल्या मिश्रणात ट्रायक्लोरोइथिलिनसारखी, पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात नाव काढले तरी लोक दचकतील अशी द्रव्ये अल्प प्रमाणात होती. गावाचा विरोध आधीपासून तीव्र होता. पिण्याच्या पाण्यात विष टाकू नका, एवढी सरळ ती मागणी होती. काउंटीचे प्रशासन न्यायालयात गेले, काठावर रात्रभर निदर्शने झाली आणि चार जणांनी थंडगार पाण्यात उतरून एका तरंगत्या बोयाला स्वतःला साखळीने बांधून घेतले; त्यात नगर परिषदेचा एक सदस्यही होता. कामाच्या रक्षणासाठी मोठा पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. ज्या गावासाठी आपण ट्राउट वाचवत आहोत असे खाते सांगत होते, त्याच गावाविरुद्ध पोलीस उभे करण्याची वेळ त्याच्यावर आली.

परिणामही खात्याने दिलेल्या आश्वासनांप्रमाणे झाले नाहीत. धरणाखाली विषाचे निष्प्रभीकरण पुरेसे झाले नाही आणि ओढ्यातले मासे मेले. रोटेनोन काही आठवड्यांत नाहीसे होईल असे सांगण्यात आले होते, पण थंड पाण्यात पायपेरोनिल ब्युटॉक्साइडचे अंश १९९८ च्या उन्हाळ्यापर्यंत सापडत राहिले. पोर्टोलाला पाण्यासाठी विहिरी आणि झऱ्यावर अवलंबून राहावे लागले. राज्याने अखेर गावाला, काउंटीला आणि रहिवाशांना मिळून सुमारे ९२ लाख डॉलरची भरपाई दिली. उन्हाळ्यात पुन्हा ट्राउट सोडले गेले, मासेमार परतू लागले, आणि मे १९९९ मध्ये जलाशयात पुन्हा पाईक सापडला.

तो परत कसा आला, याविषयी दोन शक्यता होत्या. विष न पोहोचलेल्या एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी, गवताच्या दाट थरात किंवा ओढ्याच्या कोपऱ्यात काही मासे वाचले असावेत. किंवा कोणी तरी आधीच पकडून ठेवलेले मासे पुन्हा सोडले असावेत. नंतर झालेल्या जनुकीय अभ्यासात १९९९ नंतरचे मासे आधीच्या माशांशी जवळचे नाते दाखवत होते. त्यामुळे दूरच्या एखाद्या वेगळ्याच पाण्यातून नवे मासे आणले गेल्याची शक्यता मागे पडली, परंतु वरच्या दोन शक्यतांचा निवाडा त्यातून होण्यासारखा नव्हता.

आता खात्यापुढे पुन्हा विष टाकण्याचा मार्ग राजकीयदृष्ट्या बंद होता. म्हणून गावकरी, काउंटी आणि राज्य यांची एक सुकाणू समिती नेमण्यात आली आणि २००० च्या सुरुवातीला तिने विषाविना नियंत्रणाचा आराखडा तयार केला. मासा कल्ल्यात अडकतो अशी जाळी, काठालगतची पिंजऱ्यासारखी सापळाजाळी, पाण्यात विजेचा प्रवाह सोडून मासे गुंगवणाऱ्या नावा, उथळ खाड्यांच्या तोंडाशी अडथळे, स्फोटक दोरीचे प्रयोग, आणि धरणाच्या विमोचकावर पिल्लेही निसटू नयेत अशी गाळणी: एवढा सगळा प्रपंच केला गेला. सुरुवातीला वर्षाला शेकड्यांत मिळणारे पाईक पुढे हजारांत मिळू लागले. दुसऱ्यांदा विष टाकण्यापूर्वीच्या या काळात सुमारे ६५ हजार पाईक जलाशयातून काढण्यात आले. पकडीत लहान माशांचे प्रमाण मोठे होते.

६५ हजार हा आकडा ऐकला की काम जोरात चालले असावे असे वाटते. प्रत्यक्षात तोच आकडा अपयशाचा पुरावा होता. जाळ्याला मोठे मासे लवकर लागतात, आणि मोठे पाईक कमी झाले की पिल्लांना खाणारेही कमी होतात. उरलेल्या पिल्लांना भक्ष्य आणि जागा अधिक मिळते, ती लवकर वाढतात आणि लवकर विणीला येतात. ज्या माशाची एक मध्यम आकाराची मादी एका वसंतात कित्येक हजार अंडी टाकते, त्याच्या संख्येवर पकडलेल्या प्रौढ माशांपेक्षा त्या वर्षी किती गवत पाण्याखाली गेले याचा प्रभाव अधिक असतो. लेक डेव्हिसमध्ये पाण्याची पातळी राखताना हाच पेच होता. सांडव्यावरून मासा निसटू नये म्हणून पातळी खाली ठेवावी, तर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्यांची आणि पर्यटनाची अडचण. पातळी वाढू द्यावी, तर विणीचे क्षेत्र वाढते आणि सांडवाही जवळ येतो. २००६ च्या ओल्या वसंतात पाणी सांडव्याच्या पातळीच्या अगदी जवळ गेले, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही.

येथे एक प्रतिउदाहरण नोंदवणे योग्य ठरेल, कारण 'जाळ्यांनी पाईक आवरत नाही' असा सरसकट निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. वॉशिंग्टन राज्यात पेंड ओरेल नदीवरच्या बॉक्स कॅन्यन जलाशयात कॅलिस्पेल या आदिवासी जमातीच्या मत्स्यविभागाने २०१२ पासून, बर्फ सरताच आणि विणीच्या नेमक्या दिवसांत, पाईक जेथे जमतात त्याच उथळ खाड्यांत घनदाट जाळी लावली आणि त्यांची संख्या खूपच खाली आणली. फरक उद्दिष्टाचा होता. तेथे मासा दाबून ठेवायचा होता, आणि त्यासाठी दरवर्षी तेच श्रम करण्याची तयारी होती. लेक डेव्हिसमध्ये खाली त्रिभुज प्रदेश असल्यामुळे दहा मासे उरणेही परवडणारे नव्हते, आणि कमी करणे व संपवणे या दोन कामांची साधने वेगळी असतात.

तरीही ही सात वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही. १९९७ मध्ये गावाला पाईकची भीती राज्याच्या अहवालातून कळली होती. २००३–०४ नंतर ती गावाने स्वतः पाहिली. ट्राउटची पकड घसरली, येणारे मासेमार कमी झाले, आणि समितीत बसलेल्या स्थानिक लोकांनी आपणच सुचवलेले उपाय एकेक करून अपुरे पडताना पाहिले. विषाविना नियंत्रणाचा पर्याय खात्याने नाकारला असता तर तो लोकांच्या मनात कायम शिल्लक राहिला असता. तो प्रामाणिकपणे करून पाहिल्यामुळेच पुढच्या चर्चेत 'आधी जाळी लावून तर बघा' हे म्हणायला कोणी उरले नाही. खात्याने हे डावपेच म्हणून केले, असा माझा दावा नाही. परिणाम मात्र तसा झाला.

सप्टेंबर २००७ मध्ये दुसऱ्यांदा विष टाकण्यात आले. यावेळी भुकटी टाळण्यात आली आणि पायपेरोनिल ब्युटॉक्साइड नसलेले द्रव औषध निवडण्यात आले. जलाशयातला साठा सुमारे निम्म्यावर आणला गेला, त्यामुळे गवताळ कडा उघड्या पडल्या आणि औषधही कमी लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधी जलाशयाला मिळणारे ओढे, झरे, पाझर आणि दलदलीचे तुकडे पायी फिरून नोंदवण्यात आले आणि मुख्य जलाशयाच्या आधी त्यांच्यावर काम झाले. पाईक वाचण्याची जागा खोल पाण्यात नसते, ती काठाच्या चिखलात असते, हा १९९७ चा धडा येथे प्रत्यक्ष उतरला. शेकडो कर्मचारी कामाला होते, भोवतालचे वनक्षेत्र लोकांसाठी बंद ठेवण्यात आले होते, हवा आणि भूजल तपासण्याची व्यवस्था होती. पोर्टोलाचे पिण्याचे पाणी आता जलाशयातून येत नव्हते, ही गोष्टही विरोध सौम्य होण्यामागे निर्णायक होती. त्या अर्थाने १९९७ नंतर गावाने सोसलेली गैरसोयच २००७ च्या कामी आली, हे मान्य करायला हवे.

विरोध पूर्ण मावळला नव्हता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, शिरेतून सतत रोटेनोन दिलेल्या उंदरांमध्ये पार्किन्सन्ससारखी लक्षणे दिसली होती, आणि त्याचा उल्लेख सभांमधून होत असे. पाण्यात विरलेले द्रव्य आणि शिरेतून सतत दिलेले द्रव्य यांची तुलना सरळ होत नाही, हे खरे असले तरी एकदा विश्वासघाताचा अनुभव घेतलेल्या लोकांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक होते. फरक एवढाच की यावेळी उत्तर देणाऱ्याला प्रश्न ऐकून घ्यावा लागला, आणि साखळीने बांधून घेणारे कोणी पाण्यात उतरले नाही. एकूण खर्च दीड कोटी डॉलरहून अधिक झाला.

वर्षअखेरीस जलाशयात पुन्हा ट्राउट सोडले जाऊ लागले. त्यात कॅलिफोर्नियातल्याच ईगल लेकच्या जातीचे ट्राउट प्रामुख्याने होते. पाण्यातले सूक्ष्म प्राणी आणि कीटक यांची संख्या विषानंतर घसरली आणि पुढे टप्प्याटप्प्याने सावरली. नंतरची अनेक वर्षे जाळी आणि विजेच्या नावा वापरून पाहणी चालू राहिली. त्यात पाईक सापडल्याची नोंद नाही. जिवंत पाईक बाळगणे कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, पण असा कायदा १९९४ च्या आधीही मासा सोडणाऱ्याला थांबवू शकला नव्हता, म्हणून पाहणी थांबवणे खात्याला परवडणारे नाही.

हे प्रकरण इतर ठिकाणी लावताना आकारमान आधी पाहावे लागते. अलास्कातल्या केनाई द्वीपकल्पात बेकायदा सोडलेला पाईक रोटेनोनने संपवता आला, कारण तेथली तळी तुलनेने लहान होती. आपल्याकडे उजनीत बाहेरून आलेला चिलापी (तिलापिया) आणि अलीकडे सकर मासा यांनी मच्छीमारांच्या जाळ्यांचे रूपच बदलले आहे. परंतु सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या, सोलापूरसह अनेक गावांना पाणी देणाऱ्या आणि हजारो कुटुंबांचे पोट चालवणाऱ्या जलाशयावर लेक डेव्हिसचा उपाय सुचवणे निरर्थक आहे. तेथे मासा बाहेरून येऊ न देण्याची वेळच निघून गेलेली आहे. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातही पाईक लेक रूझवेल्टपर्यंत पोहोचला आहे. तो जलाशय दोनशे किलोमीटरहून लांब असल्याने तेथे विषाचा विचारही होऊ शकत नाही. तेथे बॉक्स कॅन्यनप्रमाणे विणीच्या हंगामात जाळी लावली जातात, आणि खाली आणखी धरणे व सामनच्या वाटा असल्यामुळे ती पुढच्या वर्षीही लावावी लागणार आहेत.